पायताणावरून ओळखलेलं दुखणं

बसवकल्याणात पायताणाचा लेखी इतिहास राजवाड्यातून सुरू होतो. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला, तेव्हा हे गाव नुसतं कल्याण होतं आणि चालुक्यांची राजधानी होतं. ग्रंथाची शंभर प्रकरणं आहेत. मराठी वाचकाला तो बहुधा माहीत असतो तो कांडताना ओवी म्हणणाऱ्या बायकांच्या उल्लेखामुळे. मी सीमाभागातल्या मराठी शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा मुलांना मीही तोच उल्लेख आधी सांगायची. पण माझं मन अडकायचं ते दुसऱ्या दोन प्रकरणांत. राजाने घ्यायच्या वीस भोगांमध्ये सोमेश्वराने एक पादुकांचा भोग सांगितला आहे आणि एक पादाभ्यंगाचा, म्हणजे पाय चोळून घेण्याचा. राजाच्या पावलांना काय लागतं याचा विचार कल्याणच्या दरबारात नऊशे वर्षांपूर्वी झाला होता. त्या पादुका शिवणाऱ्यांच्या पावलांना मात्र त्या ग्रंथात जागा मिळाली नाही. मी शिवणाऱ्यांच्या घरातली आहे, आणि मला बोलायचं आहे ते त्यांच्या पायांबद्दल आणि त्यांच्या नजरेबद्दल.

सोमेश्वरानंतर काही दशकांतच याच गावात हरळय्या आणि कल्याणम्मा हे जोडपं होऊन गेलं. हरळय्या समगार, म्हणजे आमच्याच धंद्यातला. रस्त्यात त्याने महात्मा बसवेश्वरांना एकदा ‘शरणु’ म्हटलं, त्यांनी उलट दोनदा ‘शरणु’ म्हटलं. हा जास्तीचा मान आपल्यावर ऋण म्हणून राहिला, असं हरळय्याला वाटलं. नवराबायकोने आपापल्या मांडीचं कातडं काढून बसवण्णांसाठी पायताण शिवलं, आणि बसवण्णांनी ते पायात न घालता डोक्यावर घेतलं. पुढे हरळय्याच्या मुलाचं लग्न मधुवरस या ब्राह्मण मंत्र्याच्या मुलीशी ठरलं. या लग्नाबद्दल बिज्जळ राजाने दोन्ही बापांना देहदंड दिला आणि 1167-68च्या सुमारास कल्याणात उलथापालथ झाली, असं परंपरा सांगते. आमच्या घरात ही कथा देवासमोर बसून सांगितली जायची. माझी माय ती सांगताना कल्याणम्माचं नाव आधी घ्यायची. तिचं म्हणणं असं की कातडं भिजवणं, घासणं, मऊ करणं हे घरातल्या बाईचंच काम, तेव्हा त्या पायताणात निम्म्याहून जास्त मेहनत तिचीच असणार.

मेहनत खरोखर मोठी होती. ढोर मंडळी कातडं कमवायची. बसवण्णांच्या अनुयायांपैकी, म्हणजे शरणांपैकी, कक्कय्या त्यांच्यातले. आमच्या भागात कातडं कमवायला तरवडाची साल वापरत. माळावर पिवळ्या फुलांनी भरलेलं ते झुडूप आज लोकांना रानटी वाटतं, पण दख्खनचा चामड्याचा धंदा पिढ्यान् पिढ्या त्याच्या सालीवर चालला. कमावलेलं कातडं आमच्याकडे आलं की ते कुंडीत भिजायला पडायचं, मग रापीने कापणं, आरीने भोकं पाडणं, वादीने शिवणं, आणि शेवटी करडीच्या किंवा एरंडीच्या तेलात वहाण मुरवणं. शेतकऱ्याची वहाण जाड तळाची, नाल मारलेली. तुरीची कापणी झाल्यावर रानात जे खुंट उभे राहतात ते पाऊल फाडून टाकतात, म्हणून तळाला कातड्याचे थरावर थर. नवी वहाण पहिले काही आठवडे पायाला चावायचीच. ती सोसून घ्यायची, असाच सगळ्यांचा समज होता.

माझा आजा निजामाच्या राजवटीत वहाणा शिवायचा. वाड्यावर माप घ्यायला गेला की त्याला जोत्याखाली उभं राहावं लागे. मालकाच्या पायाला हात लावणं तर सोडाच, जवळ जाणंही शक्य नव्हतं. गडी अंगणात चाळलेली राख पसरायचा, मालक तिच्यावर पाऊल उमटवून बाजूला व्हायचे, आणि आजा काडीने आणि सुतळीने त्या ठशाचं माप घ्यायचा. जुनी वहाण असली तर तीच माप म्हणून लांबून टाकली जायची. ज्या गल्लीतल्या पायांत आमच्या घरच्या वहाणा होत्या, त्याच गल्लीतून जाताना आज्याला स्वतःच्या वहाणा काढून हातात धराव्या लागत. ही चाल होती आणि ती जुलमी होती. तिच्यातून काही चांगलं निघालं असं मी कधीच म्हणणार नाही. मला सांगायचं ते एवढंच, की पायाला हात लावू न दिलेल्या माणसाने ठसा आणि झिजलेला तळ यांवरून अख्खा पाय वाचायला शिकून घेतलं, आणि ती विद्या त्याची स्वतःची होती.

ती विद्या मी पाहिली माझ्या आप्पांकडे. किल्ल्याच्या वाटेवर त्यांची बसायची जागा होती. दुरुस्तीला आलेलं पायताण हातात आलं की ते आधी उलटं करायचे. निरोगी माणसाचा तळ टाचेच्या बाहेरच्या कडेला आणि चवड्याखाली झिजतो. तसं नसलं की आप्पा गिऱ्हाइकाकडे बघायचे. करंगळीखालचा तळ आधी गेला असेल तर अंगठा आखडला आहे, माणूस अंगठ्यावर भार न देता बाहेरच्या कडेवर पाय टाकतो आहे. आतली कड गेली असेल तर पावलाची कमान बसली आहे. एखाद्याच्या आतल्या चामड्यावर चवड्याच्या मधोमध, दुसऱ्या-तिसऱ्या बोटांच्या मुळाशी खोल वाट्या पडलेल्या असायच्या, आणि दोन्ही पायांच्या अगदी सारख्या. अशी पायताणं बहुतेक बायकांची असत. ती हातात आली की आप्पा बराच वेळ बोलत नसत.

आणखी एक गिऱ्हाईक मला चांगलं आठवतं, कारण ते पुन:पुन्हा यायचं. एकाच पायाची वहाण घेऊन यायचं, अंगठ्याची वादी सैल करून मागायचं आणि आठ-दहा दिवसांनी तीच वादी पुन्हा घट्ट करायला आणायचं. रात्री अचानक अंगठ्याचं मूळ लाल होऊन सुजतं, पांघरुणाचा स्पर्श सोसत नाही, आणि आठवड्याने काही झालंच नव्हतं असं बरं वाटतं, अशी त्यांची हकिगत. आप्पांना रोगांची नावं ठाऊक नव्हती. घरीदारी सगळ्याला वातच म्हणत. पण अंगठ्याचा वात, टाचेचा वात आणि सगळ्या चवड्याचा वात हे तीन वेगळे रोग आहेत, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि प्रत्येकासाठी ते पायताण वेगळं करायचे.

आज वैद्यकशास्त्र जे सांगतं ते आप्पांच्या विभागणीला बरंचसं धरून आहे. माणसाच्या एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे असतात, आणि चालताना सगळ्या देहाचा भार त्यांच्यावरून पुढे सरकतो. सांध्यातली कूर्चा वयाने, भाराने किंवा जुन्या इजेने झिजली की अंगठ्याच्या मुळाचा आणि पावलाच्या मधल्या भागातला सांधा आखडतो. हा झिजेचा संधिवात. रक्तातलं युरिक आम्ल वाढून त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साठले की जो उफाळा येतो तो गाउट, आणि त्याची सर्वांत आवडती जागा म्हणजे अंगठ्याचं मूळ. तिसरा आमवात. त्यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते, दोन्ही हातापायांचे छोटे सांधे एकदम सुजतात, आणि पुढे बोटं वर उचलली जाऊन चवड्याची हाडं तळव्याकडे खाली उतरतात. अशा बाईला अनवाणी पाऊल टेकवलं की खड्यांवर चालल्यासारखं वाटतं. आप्पांच्या हातातल्या पायताणावरच्या त्या वाट्या या खाली उतरलेल्या हाडांच्या होत्या.

हे भेद जुन्या वैद्यांना आणि हकिमांनाही ठाऊक होते, आणि आमचा बीदर त्यांच्या भेटीची जागा होता. कलबुर्गीला 1347 मध्ये सुरू झालेली बहमनी राजवट पुढे अहमदशहाने बीदरला आणली. त्याचा मुलगा दुसरा अलाउद्दीन अहमद याने (1436 ते 1458) बीदरला मोठा दवाखाना बांधला, खर्चासाठी गावं लावून दिली आणि तिथे मुसलमान हकीम आणि हिंदू वैद्य दोघेही नेमले, असं इतिहासकार फेरिश्ता लिहितो. दोन शास्त्रं एका छपराखाली बसवणारा हा सुलतान स्वतः पायाच्या जखमेने आजारी होता आणि त्यातच गेला, असं इतिहासकार सांगतात. त्याची कबर बीदरजवळ अष्टूरला आहे, रंगीत फरश्यांचे तुकडे अजून तिच्या भिंतीवर दिसतात. सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’त बीदरच्या यवन राजाच्या मांडीवर फोड उठतो, वैद्य हरतात आणि तो गाणगापूरला नृसिंह सरस्वतींकडे येतो, अशी कथा आहे. तो राजा हाच अलाउद्दीन असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. जखम आणि फोड म्हणजे संधिवात नव्हे, हे मला कळतं. पण पायाने जेरीस आलेला सुलतान दवाखाना बांधतो, आणि त्याच काळात त्याच्याच राज्यात गाणगापूरच्या पादुकांकडे माणसं चालत जाऊ लागतात, या दोन गोष्टी मला वेगळ्या काढता येत नाहीत.

चरकाने वातरक्ताचं वर्णन करताना हा रोग हातापायांच्या छोट्या सांध्यांपासून सुरू होतो, असं सांगितलं आहे आणि त्याला आढ्यवात असंही नाव दिलं आहे, म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा वात. हकीम पायाच्या अंगठ्याच्या दुखण्याला नकरीस म्हणत आणि इतर सांध्यांच्या दुखण्याला वजउल मफासिल. नकरीससाठी त्यांच्याकडे सुरंजान होतं. हा एका डोंगरी फुलाचा कंद, आणि त्याच्याच जातीच्या झाडातून 1820 मध्ये फ्रान्समध्ये कोल्चिसीन वेगळं काढण्यात आलं. आज गाउटचा उफाळा आला की डॉक्टर जी छोटी गोळी देतात ती हीच. निजामाने युनानी वैद्यकाला राजाश्रय दिला, हैदराबादला चारमिनारजवळ मोठा युनानी दवाखाना उभा राहिला, आणि सुरंजानचं माजून आमच्या तालुक्यापर्यंत पोचलं. माझ्या लहानपणी गावात एक म्हातारे हकीम होते. दख्खनीत बोलायचे, नाडी बघायचे आणि मग चपला काढायला लावून पायाची बोटं बघायचे. पाय हातात घेऊन बघणारा तेवढा एकच वैद्य मला आठवतो.

गाउट सुखवस्तूंचाच, हे मात्र खरं ठरलं नाही. शिंदी पिणाऱ्या गड्याला तो होतो, मूत्रपिंड कमजोर झालेल्याला होतो, आणि ज्याच्या घराण्यात आहे त्याला होतो. इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अंगठा सुजला की आमच्याकडे पहिला हुकूम येतो तो डाळ बंद करण्याचा. कलबुर्गीच्या तुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या ताटात दोन्ही वेळेला तीच असते, गरिबाच्या पोटात प्रथिनं जातात ती तिच्यातूनच. डाळींमुळे गाउटचा धोका वाढतो, असं मोठ्या पाहण्यांत दिसलेलं नाही. तो वाढतो दारू, मटण, काही प्रकारचे मासे आणि गोड पेयं यांनी. गरिबाच्या ताटातली डाळ काढून घेणारा सल्ला मला मनापासून चुकीचा वाटतो.

आता बायकांकडे येते, कारण आमवात पुरुषांपेक्षा बायकांना तिपटीच्या आसपास जास्त होतो आणि आमच्या बायकांचे पाय सर्वांत कमी पाहिले गेले. वडीलधाऱ्यांसमोर बाईने पायात वहाण घालायची नाही, ही चाल माझ्या आजीच्या पिढीत कडक होती. चांभाराच्या घरात राहूनही आजी बहुतेक आयुष्य अनवाणी राहिली. मायला आप्पांनी लग्नानंतर पायताण शिवून दिलं, पण सासूसमोर ते तिने कधी घातलं नाही. तिचं दुखणं सुरू झालं ते जोडव्यांपासून. पहाटे उठल्यावर बोटं इतकी ताठलेली असायची की जोडवी रुतायची, दुपारपर्यंत जरा सैल पडायची. सवाशिणीने जोडवी काढायची नाहीत, म्हणून ती कोणाला सांगायची नाही. शेवटी बोट निळं पडायला लागलं तेव्हा सोनाराकडून जोडवं कापून काढलं, आणि त्या दिवशी घरात एखादं अशुभ घडल्यासारखी माणसं वागली. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त राहणारा ताठरपणा आणि दोन्ही पायांच्या बोटांच्या मुळांशी सूज, ही आमवाताची सगळ्यांत पहिली खूण आहे. बाईच्या जोडव्याने ती सांगितली होती. ऐकणारं कोणी नव्हतं.

मग उपाय सुरू झाले. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून शेक, एरंडाचं पान तेल लावून बांधणं, याने तिला बरं वाटायचं आणि त्यात काही वाईट नव्हतं. बिब्ब्याने मात्र घोट्याला फोड आले. डागणीही झाली, तिचे व्रण शेवटपर्यंत राहिले. गाणगापूरला नेलं. भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर स्नान, औदुंबराला प्रदक्षिणा, मधुकरी, मग गावात येऊन निर्गुण पादुकांचं दर्शन. संगम ते गाव हे दोन-तीन किलोमीटर ती वैशाखात अनवाणी चालली. तिची श्रद्धा होती आणि तिथून आली की तिचं मन शांत असायचं, ते मी पाहिलं आहे. पण सुजलेल्या सांध्यांना तापलेल्या दगडावर चालवणं हा त्या सांध्यांवर अन्यायच होता. आप्पांनी तिच्यासाठी कापडाचं मऊ पायताण करून दिलं होतं, ते तिने देवाच्या वाटेवर पायात घातलं नाही. नंतर एका खेड्यातल्या डॉक्टरच्या पुड्यांनी ती चार दिवसांत धावू लागली. पुड्यांत स्टिरॉइड होतं हे आम्हाला कळलं तोपर्यंत चेहरा गोल झाला होता आणि हाडं ठिसूळ झाली होती. आमच्या भागात अशा पुड्या अजून मिळतात.

1 नोव्हेंबर 1956ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. कल्याण, भालकी, औराद म्हैसूरमध्ये राहिले. नातीगोती, चामड्याचं येणंजाणं, लग्नं सगळं सीमेच्या आरपार होतं, ते तसंच चालू राहिलं. दुखण्यासाठीही माणसं सीमा ओलांडतातच. आजही संधिवाताचा डॉक्टर गाठायला कोणी सोलापूरला जातं, कोणी लातूरला, कोणी हैदराबादला. कलबुर्गीला 1963 मध्ये महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय निघालं, पुढे बीदरलाही सरकारी महाविद्यालय झालं, आणि मोठ्या आजारांची सोय जवळ आली.

आमच्या धंद्याला सीमेपेक्षा जास्त धक्का दिला तो रबरी हवाई चपलेने. स्वस्त, हलकी, पावसात न सडणारी. गरिबाच्या पायात पायताण आलं ते तिच्यामुळे, आणि बाईने घरात-दारात ती घातली तर कोणी हटकत नव्हतं. हा तिचा मोठेपणा मी मानते. पण दुखऱ्या पायाला तिची साथ नाही. तळ पातळ, टाचेला पट्टा नाही, आणि ती निसटू नये म्हणून प्रत्येक पावलाला बोटं आखडून धरावी लागतात. आमवाताची बोटं आधीच आखडलेली असतात. प्लॅस्टिकचे निमुळते बूट आले तेव्हा तर अंगठा आणखीच आत दाबला गेला. मुख्य म्हणजे हवाई चप्पल तुटली की फेकून देतात, दुरुस्तीला येत नाही. त्यामुळे झिजलेला तळ उलटा करून बघणारा माणूसच पायाच्या वाटेतून बाजूला झाला. आप्पांसारख्यांची जागा गेली ती कोणी घेतली नाही.

धंदा बसत असताना आप्पांच्या हाती एक नवी गोष्ट आली होती. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांना जखमा होऊ नयेत म्हणून पादत्राणांवर काम केलं आणि मऊ, बारीक छिद्रांचं रबर, ज्याला सगळे एम.सी.आर. म्हणतात, त्याच्या तळाच्या चपला देशभर सरकारी दवाखान्यांतून वाटल्या जाऊ लागल्या. अशी एक चप्पल दुरुस्तीला आली. आप्पांनी तो थर बोटाने दाबून पाहिला आणि मायचा पाय आठवून म्हणाले, “हे तिच्या चवड्याखाली पायजे व्हतं.” त्यांनी ते रबर मिळवलं. मायच्या पायाचा ठसा कागदावर घेतला, आणि या वेळी पाऊल स्वतःच्या मांडीवर ठेवून घेतलं. जिथे हाडं टोचत होती त्याच्या किंचित मागे त्यांनी छोटी उंचवट्याची गादी बसवली, पुढे बोटांना रुंद जागा ठेवली, टाचेला पट्टा दिला, आणि तळाला पुढच्या बाजूने थोडी उचल दिली, म्हणजे अंगठा न वाकवता पाऊल पुढे जाईल. पुढे कितीतरी वर्षांनी पायाच्या डॉक्टरांकडे मला संधिवाताचं पादत्राण दाखवलं गेलं, त्यात याहून वेगळं काहीच नव्हतं. चवड्याच्या हाडांमागे गादी, रुंद नाक, कडक आणि गोलाई दिलेला तळ. आप्पा फक्त तिसरीपर्यंत शिकले होते.

मला हे दुखणं चाळिशीनंतर लागलं. शाळेत फळ्यासमोर उभं राहिलं की चवडा पेटायचा. माझ्या बाबतीत फरक एवढाच पडला, की मला मायचं जोडवं आठवत होतं. मी सीमेपलीकडच्या शहरात संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी रक्त तपासलं, हातापायांचे फोटो काढले, आणि मेथोट्रेक्सेट सुरू केलं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जीवावर बेतते. तिच्याबरोबर फॉलिक ॲसिड घ्यायचं आणि ठरावीक मुदतीने यकृत आणि रक्तपेशी तपासून घ्यायच्या. तिचा गुण यायला काही आठवडे जातात, तेवढा धीर धरावा लागतो. ती वेदनेची गोळी नाही, सांधा मोडणारी आग ती विझवते. माझी बोटं आज सरळ आहेत. मायची त्या वयात वाकून एकमेकांवर चढली होती.

औषधाखेरीज रोजचं काम असतं आणि ते करायला शहर लागत नाही. सकाळी कोमट पाण्यात पाय बुडवून बोटं हळूहळू हलवायची. मधुमेह असेल आणि पाय बधिर असतील तर पाण्याची उष्णता आधी हाताच्या कोपराने बघायची. जमिनीवर फडकं टाकून ते बोटांनी गोळा करायचं. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, कारण पोटरी आखडली की सगळा भार चवड्यावर येतो. घरातही फरशीवर अनवाणी वावरायचं नाही. वजन थोडं उतरलं तरी पायाला कळतं. उफाळा असेल तेव्हा पायाला विश्रांती, आणि तो ओसरला की चालणं पुन्हा सुरू. महिनोन् महिने पाय उचलूनच ठेवला तर सांधा बसतो.

1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघरी जाऊन पाहणी केली, तेव्हा दर 100 प्रौढांमागे सुमारे 18 जणांना हाडं-सांधे-स्नायूंचं दुखणं निघालं. आमचं गाव काही भिगवणहून फार वेगळं नाही. तेच शेत, तीच ओझी, तशीच उकिडवं बसून करायची कामं. म्हणजे प्रत्येक गल्लीत असे पाय आहेत. पादुकांवर डोकं ठेवणाऱ्या आणि हरळय्याच्या पायताणाची कथा अभिमानाने सांगणाऱ्या या भागाने जिवंत पायाकडे तेवढ्या आदराने पाहिलं नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. बसवण्णांनी पायताण डोक्यावर घेतलं तेव्हा ते शिवणाऱ्या दोन माणसांची कदर केली होती. त्या कदरीचा पुढचा भाग अजून बाकी आहे.

म्हणून वाचणाऱ्याला माझी विनंती आहे. घरातल्या बाईची जोडवी सकाळी रुतत असतील, दोन्ही पायांच्या बोटांची मुळं सुजत असतील आणि हे सहा आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तिला वात म्हणून घरी बसवू नका. पहिल्या तीन-चार महिन्यांतच संधिवाताच्या डॉक्टरांकडे न्या, सांधा वाचतो तो याच मुदतीत. पुडीत काय आहे ते सांगत नाही अशा माणसाकडून औषध घेऊ नका. नवं पायताण संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय दिवसभराचा सुजलेला असतो आणि खरं माप कळतं. पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने कड आखा आणि तो कागद दुकानात न्या. चपलेची तळी त्या आकृतीपेक्षा अरुंद असेल तर ती घेऊ नका. आणि तुमच्या गावात अजून एखादा चांभार माप घेऊन शिवत असेल, तर एक जोड त्याच्याकडून करून घ्या, त्याच्यासमोर खुर्चीवर बसा आणि पाय त्याच्या हातात द्या.